जगायला गेलेत

आमच्याकडं दिवाळीनंतर एखाद्या घराला कुलूप दिसलं आणि आलेल्या पाव्हण्यानं विचारलं, कुठं गेली ही माणसं, तर उत्तर ठरलेलं असतं. जगायला गेलेत. कुणी त्यावर पुढं काही विचारत नाही, पाव्हणाही नाही, कारण त्याच्या गावातही निम्म्या घरांना कुलूप असतं. बीड जिल्ह्यातली बालाघाटाच्या डोंगरातली कुठलीही वाडी घ्या, धारूर घ्या, वडवणी घ्या, पाटोदा, शिरूर कासार घ्या, सगळीकडं हाच शब्द ऐकू येईल.

मी पुण्यात एका शाळेत भूगोल शिकवते. पुस्तकात स्थलांतराचा धडा आला की मला दरवर्षी काहीतरी होतं. कायमचं स्थलांतर, हंगामी स्थलांतर, ऐच्छिक, सक्तीचं, देशांतर्गत, आंतरराष्ट्रीय, असे प्रकार असतात, पोरं ते पाठ करतात, पेपरात लिहितात, मार्क मिळतात. त्यात चूक काहीच नाही. पण माझी माय दोन वर्षं माझ्याकडं पुण्यात आहे आणि तिला यातला एकही शब्द माहीत नाही, तरी तिच्याकडं या प्रत्येकासाठी वेगळा शब्द आहे. तोडीला गेले, नांदायला गेली, गाव उठलं, जगायला गेलेत, परागंदा झाला, पोरगं तिकडंच सेटल झालं. हे शब्द ऐकले तरी कोण कशापायी निघालंय आणि परत येणार का, हे सगळं त्यातच कळतं. म्हणून म्हटलं एकदा हे असंच लिहून काढू, मायच्या शब्दांनी.

तोडीला जाणं म्हणजे ऊसतोडीला. माझे अण्णा आणि माय मिळून एक कोयता. बाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं की कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. मुकादमाच्या, म्हणजे मजूर गोळा करून कारखान्याला पुरवणाऱ्या माणसाच्या, वहीत तशीच नोंद असते. माझ्या मायचं नाव त्या वहीत कधीच आलं नाही, अण्णांचं नाव आणि पुढं 'एक कोयता', त्यात ती आली.

दसरा झाला की गावात धांदल सुरू व्हायची. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत काय काय चढायचं ते मला अजून जसंच्या तसं आठवतं, बाजरीची पोती, पत्र्याची पेटी, तवा, परात, पाण्याचा ड्रम, गोधड्या, कोंबड्यांची पाटी, एक शेळी आणि तिचं करडू, कोपीसाठी, म्हणजे तिकडं राहायच्या झोपडीसाठी, बांबू आणि जुना प्लास्टिकचा कागद, आणि या सगळ्याच्या वर पोरं. घराला कुलूप लावलं तरी माय दारात बाभळीची काटेरी फांदी आडवी लावायची, कुत्री-डुकरं येऊ नयेत म्हणून. मग ट्रॉली हलली की म्हाताऱ्या बायका रडायच्या. पाच-सहा महिन्यांनी येणारी माणसं होती ती, तरी रडायच्या, कारण म्हातारं माणूस मागं एकटं राहायचं आणि पट्टा पडेपर्यंत ते दिसेल याची खात्री नसायची. पट्टा पडणं म्हणजे कारखान्याचा हंगाम संपणं.

मी दुसरीत आणि तिसरीत असताना दोन हंगाम फडावर, म्हणजे तोड चालते त्या उसाच्या रानात, होते, नंतर आज्जीपाशी राहिले. फडातली पहाट मला आठवते ती पानांच्या आवाजानं. धुकं असायचं, उसाच्या पाचटावर दव, आणि त्यात माय-अण्णा शिरायचे. उसाचं पान करवतीसारखं असतं, गालाला, मनगटाला बारीक चिरा पडतात आणि त्यात घाम गेला की झोंबतं. माय जुना शर्ट साडीवर घालायची, डोक्याला गच्च टॉवेल. बुडाशी वाकून घाव, वरचं वाढं छाटायचं, पाचट सोलायचं, ऊस मागं टाकायचा, ढीग झाला की मोळी बांधायची. आणि मग गाडी आली की तीच मोळी डोक्यावर घेऊन लाकडी फळीवरून ट्रकवर चढायचं. फळी हलायची. मी खाली धाकट्या भावाला घेऊन बसलेली असायचे आणि माय फळीवर असताना श्वास धरून ठेवायचे, खाली आली की सोडायचे. गाडी कधी येईल याला वेळ नाही, रात्री दोनला आली तर दोनला उठायचं, कारण तोडलेला ऊस ठेवला की त्यातली साखर कमी होत जाते, कारखान्याला तो लवकर गव्हाणीत, म्हणजे गाळायला ऊस टाकतात तिथं, लागतो. उसाला थांबवता येत नाही म्हणून माणसाला उठवतात.

आता मूळ प्रश्नावर येते, लोक जातात का. सोसायटीत कुणीही विचारलं आणि मी बीड म्हटलं की पुढचं वाक्य येतं, हो ना, तिकडं दुष्काळ. मीही कित्येक वर्षं हो म्हणायचे. दुष्काळ आहेच, पर्जन्यछायेचा भाग आहे, हलकी जमीन, दोन-तीन एकर कोरडवाहू, दुसऱ्या पिकाला पाणी नाही, हे सगळं खरंय. पण मग ज्या वर्षी पाऊस चांगला होतो, नद्या-नाले भरून वाहतात, त्या वर्षी तरी लोक घरी थांबतात का? नाही थांबत. याचं कारण उचल. मुकादम जून-जुलैमध्येच पैसे वाटतो, पेरणीच्या टायमाला, पोरीच्या लग्नाला, दवाखान्याला, घराच्या पत्र्याला. म्हणजे दसऱ्याला ट्रॉलीत बसायचा निर्णय दसऱ्याला होतच नाही, तो तीन-चार महिने आधीच पैसे हातात घेतले तेव्हा झालेला असतो, आभाळाचा रंग कसाही असो.

हिशोब करून बघा. आजकाल एका कोयत्याला उचल लाखाच्या पुढं असते. २०२४ च्या जानेवारीत दरात ३४ टक्के वाढ झाली, मोठी वाढ होती ती, तोडणीचा दर टनाला साडेतीनशेच्या पुढं गेला. तरी एक लाख फेडायचे म्हणजे साधारण पावणेतीनशे टन ऊस. दोघांनी मिळून दिवसाला दोन टन तोडला, एकही दिवस खाडा नाही, कुणी आजारी नाही, गाडी वेळेवर, तरी १३५-१४० दिवस लागतात. अख्खा हंगाम नुसता आधी घेतलेले पैसे फेडण्यात जातो. फिटले नाहीत तर बाकी पुढच्या सालावर, आणि तीही काही ठिकाणी दुपटीनं. त्यात आता हार्वेस्टर आलेत आणि हंगामही आखडत चाललाय. मग पुढच्या जूनमध्ये पुन्हा उचल. माझ्या मायनं असे एकोणीस हंगाम केले.

आणि दुसरी बाजू कुणी बोलत नाही, ती म्हणजे कारखान्यांना बाहेरचीच माणसं का लागतात. सांगली-कोल्हापूर-साताऱ्याकडं माणसं नाहीत का? आहेत की. पण गावातला मजूर सकाळी आठला येतो आणि पाचला घरी जातो, त्याचं घर तिथं आहे, त्याची भावकी तिथं आहे, तो भांडू शकतो. फडाशेजारी कोपीत राहणारा माणूस चोवीस तास हाताशी असतो. पुश आणि पुल असं आपण शिकवतो, म्हणजे एका जागेतून ढकलणारं आणि दुसऱ्या जागेकडं ओढणारं, १९६६ मध्ये स्थलांतराचे अभ्यासक एव्हरेट ली यांनी हे नीट मांडलं, बरोबरच आहे. पण आमच्या गावात ओढणारी गोष्ट म्हणजे काही साखर कारखान्याचं आकर्षण नव्हतं, मुकादम उंबऱ्यावर येऊन नोटा मोजून जायचा.

बायकांचं यात काय होतं ते लिहायलाच पाहिजे. पाळी आली, पोट दुखलं, तरी खाडा परवडत नाही. २०१९ मध्ये बीडच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनांची बातमी देशभर झाली, सरकारनं समिती नेमली, पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. आकडा वाचून लोक हादरले. मी हादरले नाही, मला चेहरे दिसले. माझ्या एका चुलतीचं वय तेव्हा तेहतीस होतं, पोट दुखतं म्हणून एका दवाखान्यात गेली तर पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल असं सांगितलं, ऑपरेशनचे पैसे मुकादमानं दिले, उचल म्हणून. म्हणजे शरीर कापून घेतलं ते कामावर जाता यावं म्हणून, आणि त्याचे पैसे फेडायला परत कामावर. ती आता नीट वाकू शकत नाही.

दुसरा शब्द, नांदायला जाणं. हा मला फार उशिरा कळला की हेसुद्धा स्थलांतर आहे. २०११ च्या जनगणनेत देशात ४५ कोटींवर लोक स्थलांतरित आहेत असं आलं, आणि त्यात सगळ्यात मोठं कारण कुठलं, तर लग्न. नोकरी नाही, दुष्काळ नाही. रॅव्हेनस्टाइन म्हणून एक जर्मन वंशाचे भूगोलतज्ज्ञ होते, त्यांनी १८८५ मध्ये इंग्लंडमध्ये जनगणनेचे आकडे बघून स्थलांतराचे नियम मांडले, त्यातही होतं की बहुतेक माणसं जवळच जातात आणि जवळच्या अंतरात बायका पुरुषांपेक्षा जास्त हलतात. वर्गात हे शिकवताना मला मायची आठवण झाली, घरी येऊन तिला विचारलं, तू आयुष्यात गाव किती वेळा सोडलंस गं? मला वाटलं ती एकोणीस म्हणेल. ती बोटावर मोजायला लागली आणि म्हणाली, "पहिलं तर लग्नात सोडलं. चौदाची व्हते. ते धर की." मी ते धरलंच नव्हतं.

रॅव्हेनस्टाइनचं अजून एक म्हणणं माझ्याच बाबतीत तंतोतंत खरं निघालं, की माणूस एकदम लांब उडी मारत नाही, टप्प्याटप्प्यानं जातो. मी गावातून अंबाजोगाईला कॉलेजला, तिथून औरंगाबादला विद्यापीठात, आता छत्रपती संभाजीनगर म्हणतो आपण, आणि तिथून पुण्याला. आणि प्रत्येक टप्प्यावर आधी गेलेलं कुणीतरी होतं. अंबाजोगाईत मावशी, औरंगाबादला गावची एक ताई जिच्या रूमवर मी पहिले दोन महिने फुकट राहिले, पुण्यात भोसरीला चुलतभाऊ. भोसरी, चाकण, पिंपरी-चिंचवडकडं जा, आमच्या भागातली गल्लीच्या गल्ली सापडेल, एकानं कंपनीत लागून दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्यानं मेहुण्याला. कोकणातल्या लोकांनी हेच शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी गिरणगावात केलं, गावकीच्या खोल्या, एका खोलीत पंधरा-वीस माणसं पाळीपाळीनं झोपायची, बायका-पोरं गावाला आणि महिन्याला मनीऑर्डर. चाकरमानी हा शब्दही किती नेमका आहे, चाकरीला गेलेला आणि गणपतीला परत येणारा. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या आणि त्यातले कितीतरी लोक परत गावाला गेले, कितीतरी जण ना मुंबईचे राहिले ना गावचे.

गाव उठणं हा शब्द मात्र मला कधी साधा वाटत नाही. इथं माणूस गाव सोडत नाही, गावच माणसाला सोडून जातं. जायकवाडीची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, १९७६ मध्ये धरण पुरं झालं, मराठवाड्याला पाणी आलं, ते पाणी आम्हीही प्यायलो. पण नाथसागराच्या, म्हणजे त्या धरणाच्या जलाशयाच्या, खाली गावंच्या गावं आहेत. कोयनेचे धरणग्रस्त तर पार रत्नागिरी, रायगड, ठाण्यापर्यंत विखुरले, साठ वर्षं होऊन गेली तरी जमिनीच्या कागदासाठी अजून आंदोलनाला बसतात. किल्लारीच्या भूकंपानंतर, ३० सप्टेंबर १९९३, बावन्न गावं नव्या जागी बसवली. माझ्यासोबत विद्यापीठात तिकडची एक मैत्रीण होती, ती सांगायची की नवीन गावात रस्ते सरळ, घरं एका साइजची, सगळं मोकळं मोकळं, आणि तिच्या आजोबांना वर्षभर आपलं घर सापडायचं नाही, ते दुसऱ्याच्याच ओट्यावर जाऊन बसायचे.

१९७२ चा दुष्काळ मी पाहिला नाही, आज्जीकडून ऐकलाय. ती खडी फोडायला जायची, दुष्काळात वाटलेली सुकडी खाल्ली, मिलोच्या, म्हणजे बाहेरून आलेल्या ज्वारीच्या, लाल भाकरी खाल्ल्या. त्या साली गावातली जी घरं मुंबईला गेली त्यातली काही परत आलीच नाहीत, आणि यात एक गोष्ट आहे जी आज्जी हळू आवाजात सांगायची, की जे परत आले नाहीत ते बहुतेक गावकुसाबाहेरचे होते. त्यांना परत येण्यासारखं गावात होतं काय, ना जमीन ना मान. मुंबईत झोपडी होती पण कुणी जात विचारून पाणी वरून ओतत नव्हतं. त्यांच्यासाठी गाव सुटणं हे दुःख होतं का सुटका, हे बाहेरून ठरवू नये. आपण गावाची आठवण काढून हळवे होतो तेव्हा हे मला नेहमी आठवतं, गाव सगळ्यांना सारखं नसतं.

आणि काही लोकांचं चालणं हेच जगणं आहे. नगर-पुण्याकडचे धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात जातात, घोड्यावर बिऱ्हाड, पाऊस यायच्या आधी परत वर. शेतकरी त्यांना रानात मेंढरं बसवायला बोलावतो, लेंडीखत मिळतं, बदल्यात धान्य नाहीतर पैसे. ही वाट पिढ्यांची आहे. तिला तोडीच्या रांगेत बसवू नये असं मला वाटतं, जरी पुस्तकात दोन्ही 'हंगामी' या एकाच मथळ्याखाली येतात. आता रानं बंद होतायत, हायवे आडवे आलेत, ती वाटही अवघड झालीय.

२०२० चा मार्च-एप्रिल मी विसरू शकत नाही. माझ्या दुसऱ्या एका चुलतभावाची टोळी तेव्हा फडावरच अडकली. कारखाना चालू होता म्हणून तोड चालू, पण किराणा मिळेना, गावात पोलीस शिरू देईनात, इकडं गावाकडं आज्जी आजारी. एप्रिलच्या मध्यात सरकारनं ऊसतोड मजुरांना घरी जायची परवानगी दिली तेव्हा ते ट्रॅक्टरनं निघाले, गावात आल्यावर चौदा दिवस गावाबाहेर रानात राहिले, आणि आज्जीनं त्यांना लांबून, बांधावरून पाहिलं. ८ मेला औरंगाबादजवळच्या करमाडपाशी रुळावर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या स्टील कारखान्यातली मध्य प्रदेशची पोरं होती ती, भुसावळपर्यंत गेलो की रेल्वे मिळेल म्हणून चालत निघालेली. टीव्हीवर रुळावरच्या भाकरी दाखवल्या. माय टीव्हीसमोरून उठून गेली. ती एवढंच म्हणाली की जगायला आली होती लेकरं.

तेव्हापासून 'शिफ्ट होणं' हा शब्दही मी जरा जपून वापरते. आमच्या बिल्डिंगमधलं एक कुटुंब नुकतंच बंगळूरला शिफ्ट झालं, कंपनीनं ट्रक पाठवला, प्रत्येक कपाला बबलचा कागद. त्यांना सोडून जाताना वाईट वाटलंच असेल, पोरीची शाळा बदलली, ती लिफ्टपाशी रडत होती, ते दुःख खोटं नाही. फरक इतकाच की त्यांना नको म्हणायची सोय होती. माणूस का निघाला यापेक्षा त्याला नाही म्हणता आलं असतं का, हे मी हल्ली आधी विचारते, पोरांनाही वर्गात हाच प्रश्न विचारायला सांगते.

थोडं बदललंयही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार महामंडळ झालंय, कारखान्यांकडून टनामागं दहा रुपये त्यासाठी घ्यायचे असं ठरलंय, पोरांसाठी संत भगवानबाबांच्या नावानं वसतिगृहं सुरू झालीयत. माझ्या लहानपणी यातलं काही असतं तर मला आज्जीच्या जिवावर राहावं लागलं नसतं. चुलतभावाची पोरगी यंदा नववीत आहे आणि पहिल्यांदाच ती फडावर गेली नाही, वसतिगृहात राहिलीय.

माय पुण्यात असते, तिसऱ्या मजल्यावर. दोन वर्षं झाली तरी पत्र्याची पेटी तिनं पूर्ण उपसली नाही, अर्धे कपडे अजून त्यातच असतात. दसरा आला की तिला झोप लागत नाही, कुणाची ट्रॉली निघाली, कुणाचा कोयता कुठल्या कारखान्याला, सगळं फोनवर विचारत बसते. गेल्या आठवड्यात रात्री साडेदहाला चुलतभावाचा फोन आला, तिनं माझ्या हातातून घेतला.

"थंडी लई हाय का रं तिकडं?"

"हाय, काकी."

"खाली पाचट टाकलं का जाड?"

"टाकलंय."

"पोरगी रडली का?"

तो जरा थांबला. म्हणाला, "ती न्हाई रडली. हिलाच करमंना झालंय." मागून कुणीतरी ओरडल्याचा आवाज आला, ट्रकचा हॉर्न वाजला. "काकी, गाडी आली. ठिवतो."